ओळख न दाखवण्याचा हुकूम

आमच्या घरात गुपित टिकणं मुळातच अशक्य. आमच्या चिखले गावात शेजाऱ्यांनी नवा कुकर आणला तर पहिली शिट्टी व्हायच्या आत आईला त्याची कंपनी ठाऊक असते. तलासरीला ज्या दातांच्या दवाखान्यात मी रिसेप्शनला बसते, तिथे लोक डॉक्टरसमोर तोंड उघडायच्या आधी माझ्यासमोर उघडतात. कुणाची सून कुणाशी बोलत नाही, हे मला एक्स-रेच्या आधी कळलेलं असतं. आणि अशा घरात एक माणूस चाळीसेक वर्षं तोंड मिटून बसला, तो म्हणजे आमचा बाप! या गोष्टीचा मला अजून राग आहे, आणि तो जाईल असं काही वाटत नाही.

बाबा फौजेतून रिटायर होऊन आलेले. फौजेतून आलेली बाकीची माणसं कशी असतात ते सगळ्यांना माहीत आहे. लग्नात पंगतीला बसली की श्रीखंडाच्या आधी सरहद्द सुरू होते. आमच्या बाबांना विचारलं तर उत्तर ठरलेलं, ‘सप्लायला होतो. पीठ, डाळ, रॉकेल.’ एवढं बोलून ते चिकूच्या झाडांना पाणी घालायला निघून जायचे. लहानपणी वर्गातली पोरं आपापल्या काका-मामांच्या शौर्याच्या गोष्टी सांगायची तेव्हा मी सांगायचे, माझ्या बाबांनी डाळ वाचवली.

तालुक्यातल्या माजी सैनिकांचा एक गोतावळा आहे. त्यांच्यात प्रत्येक पलटणीचा जन्मदिवस असतो, त्याला ते रेझिंग डे म्हणतात. त्या दिवशी त्या पलटणीचा म्हातारा कडक इस्त्रीत, टोपीवर बिल्ला लावून पेढे वाटत फिरतो. आमच्याकडे वर्षभर कुणाचे ना कुणाचे पेढे यायचे. बाबा पेढा खायचे, सॅल्यूट ठोकायचे आणि गप्प बसायचे. ‘तुमच्या युनिटचा कधी हो?’ असं कुणी विचारलं तर म्हणायचे, ‘आमचं बंद झालं.’ जसं काही किराणा दुकान होतं, चाललं नाही, शटर ओढलं.

मग फोनवरचा डेटा पाण्याच्या भावाने मिळायला लागला. २०१७ साल असेल. मी नवा फोन घेतला आणि जुना, काचेला तडा गेलेला, बाबांना दिला. मला वाटलं, म्हातारा माणूस आहे, भजनं ऐकेल, भरती-ओहोटी बघेल, गेला बाजार नातेवाइकांना गुलाबाची फुलं पाठवून छळेल. छे! बाबांनी त्या अथांग महासागरात बुडी मारून नेमकं काय वर काढलं असेल? जगभरातल्या बरखास्त झालेल्या खास लष्करी तुकड्या. हिंदीतले व्हिडिओ, मागे ढोल, आणि सांगणारा असा ओरडणारा की ती तुकडी बहुतेक त्याच्या घरातूनच हाकलली होती.

आमचा सकाळचा चहा तेव्हापासून तुकड्यांचा झाला.

‘ब्रिटिशांचे लोक होते,’ बाबा सुरू करायचे. ‘आफ्रिकेच्या वाळवंटात गाड्या घेऊन शत्रूच्या पाठीमागे शेकडो मैल जायचे. लढाई संपत आली तेव्हा म्हणाले, आम्हाला पूर्वेला पाठवा, तिकडे अजून चालू आहे. सरकार म्हणालं, गरज नाही. बरखास्त.’

‘बरोबरच आहे,’ आई म्हणायची. ‘पेट्रोल काय फुकट येतं?’

दुसऱ्या दिवशी ब्रह्मदेशच्या जंगलात शिरलेली तुकडी. त्यांच्याबरोबर सामानाला खेचरं होती. खेचर ओरडलं तर शत्रूला पत्ता लागेल, म्हणून आधीच त्यांच्या गळ्यातला आवाज कापून टाकलेला. आईने हातातली बशी खाली ठेवली. ‘मग?’ ‘मग काय, लढाई संपायच्या आधीच तुकडी बरखास्त.’ ‘आणि खेचरं?’ बाबांना याचं उत्तर माहीत नव्हतं. दिवसभर ते फोनमध्ये खेचरं शोधत होते. संध्याकाळी म्हणाले, ‘खेचरांचं कुणी लिहून ठेवलेलं दिसत नाही.’ आई दोन दिवस त्यांच्याशी तुटक वागली, जसं काही तो सुरा बाबांनीच चालवला होता.

आफ्रिकेतल्या एका तुकडीची माणसं म्हणे शत्रूचाच वेष करून गावांत शिरायची. पुढे तिथलं राज्य गेलं, देशाचं नावसुद्धा बदललं, तिथे तुकडीला कोण विचारतो! कॅनडाची एक हवाई छत्रीने उतरणारी तुकडी परदेशात शांतता राखायला गेली आणि तिथल्या एका पोराचे हाल हाल करून त्याला मारून बसली. सरकारने अख्खी तुकडीच मोडली. ‘ही एक बरी केली बरखास्त,’ आई म्हणाली. बाबा म्हणाले, ‘हो. ती बरी केली.’ त्यावर त्यांनी पुढचा व्हिडिओ लावला नाही.

मला हे सगळं विनोदीच वाटत होतं. माझं स्वतःचं लग्नही थोड्याच दिवसांत बरखास्त झालेलं, त्यामुळे मी म्हणायचे, ‘बाबा, माझाही एक व्हिडिओ बनवा. पाठीमागे ढोल लावा.’ आई डोळे वटारायची. बाबा हसायचे.

एका सकाळी मात्र ते हसले नाहीत. अमेरिका आणि कॅनडा या दोघांची मिळून एक तुकडी होती, ती फ्रान्समध्ये मोडली, त्याची गोष्ट ते सांगत होते. सगळ्यांना परेडला उभं केलं. कॅनडावाल्यांना सांगितलं, रांगेतून बाहेर या. ते बाहेर पडले. आता मागे अमेरिकावाले उरले, अधूनमधून मोकळ्या जागा. ‘त्यांनी रांग जुळवून घेतली नाही,’ बाबा म्हणाले. ‘ज्याची जागा रिकामी झाली ती तशीच ठेवली. तशीच रिकामी ठेवून चालत गेले.’ आणि त्यांनी फोन पालथा ठेवला. डाळ-पिठाच्या कंपनीतला माणूस, आणि फ्रान्समधल्या रांगेचं त्याला एवढं दुःख! मी काहीतरी खवचट बोलणार तेवढ्यात बाबा ‘चहा गार झाला’ म्हणाले आणि उठून गेले. चहा वाफाळत होता.

इथे आता आईच्या संशयाबद्दल सांगायला हवं. आम्ही समुद्रकाठची माणसं. मासळी दाराशी येते, भाजी वाडीत होते, उरलेलं विकायला टेम्पोवाला ‘लेवानु छे के’, घ्यायचंय का, अशी गुजराती हाळी देत दारोदार फिरतो. तरी बाबा दर आठवड्याला डहाणूच्या बाजाराला जायचेच. ऊन असो, पाऊस असो, इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट, हातात पिशवी. आणि येताना काय आणायचे? एकदा दांडा नसलेला विळा. एकदा तीन कंगवे. बाबांच्या डोक्यावर एका कंगव्याचंही काम उरलेलं नाही. एकदा भोपळा आणला, घरात वाडीतले दोन पडलेले असताना.

‘बाई आहे,’ आई एक दिवस तांदूळ निवडता निवडता म्हणाली.

‘आई, सत्तरी आली त्यांची.’

‘मग काय झालं? तीही म्हातारी झाली असेल. माझ्या लग्नाआधीपासूनची असणार. तू जा बघून ये, मला त्या बाजारात जायची लाज वाटते.’

डॉक्टर गावाला गेले होते, मला सुट्टी होती, आणि खरं सांगायचं तर मलाही राहवत नव्हतं. मी बाबांच्या मागोमाग डहाणूला उतरले आणि एका चपलांच्या दुकानाआड उभी राहिले. बाबा बाजारात शिरले, दोरखंड विकणाऱ्यापाशी गेले आणि थांबले. दोरखंड हातात घेतला नाही, भाव विचारला नाही. नुसते उभे. मी बायांवर नजर ठेवून होते. भाजीवाली, बोंबीलवाली, बांगडीवाली, एकेकीला मापून घेतलं. बाबा त्यातल्या कुणाकडेही बघत नव्हते.

मग मला समोरच्या बाजूचा माणूस दिसला. माठवाल्यापाशी उभा. बाबांच्याच वयाचा, काटक, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, डोंगराकडच्या गावातून येतात तसा. पण पायात बूट, चकाचक. त्या अख्ख्या बाजारात पॉलिश केलेले बूट घातलेली दोनच माणसं होती. तोही काही घेत नव्हता. दोघांच्या मधून माणसं जात होती, बकऱ्या जात होत्या, एक टेम्पो अडकून हॉर्न मारत होता. दोघं एकमेकांकडे बघतही नव्हते, आणि दोघंही हलत नव्हते. बऱ्याच वेळाने तो वळला आणि गंजाडच्या गाड्या लागतात तिकडे निघून गेला. बाबांनी समोर दिसेल ते, म्हणजे एक चाळणी, विकत घेतली आणि परत फिरले.

मी त्यांना रिक्षास्टँडवर गाठलं. ‘कोण तो?’

‘कोण?’

‘बूटवाला.’

‘बाजारात शंभर माणसं बूट घालून येतात.’

‘बाबा, आईला वाटतंय तुमची बाई आहे. मी तिला जाऊन काय सांगू? तिला मिशा आहेत म्हणून?’

बाबांनी मला भजी खायला घातली. ही लाच होती. मी ती खाल्ली, आणि तरीही घरी जाऊन सगळं सांगितलं. आई जराशी हिरमुसलीच. इतकी वर्षं ज्या बाईला तिने मनातल्या मनात शिव्या घातल्या, तिचा असा मिशीवाला शेवट व्हावा, हे तिला पटेना.

मग महिनाभर आम्ही दोघींनी बाबांना सोललं. दातांच्या दवाखान्यात राहून मी एक शिकले आहे, दात एकदम ओढायचा नसतो, आधी हलवायचा. एकेक तुकडा बाहेर यायला लागला. सप्लाय खरं होतं, पण ते नंतरचं. त्याआधी, तरुणपणी, त्यांना एका छोट्या तुकडीत उचललं होतं. समुद्रकाठची पोरं पोहण्यासाठी, डोंगरातली पोरं जंगलात चालण्यासाठी. त्यात एकाच तालुक्यातले दोघे निघाले, एक चिखल्याचा आणि एक गंजाडचा. बाबांनी त्याला पोहायला शिकवलं. त्याने बाबांना वाळलेल्या पानांवरून आवाज न करता चालायला शिकवलं. तरीच! लहानपणी मी चोरून कैरी खात असले की बाबा पाठीमागे कधी येऊन उभे राहायचे ते कळायचं नाही.

तिथे काय केलं ते बाबांनी सांगितलं नाही, आजवर सांगितलेलं नाही. फक्त एक सांगितलं. एका नदीत, थंडीत, त्यांच्या पायात गोळा आला. ते बुडाले असते. गंजाडच्या त्या माणसाने त्यांना धरून ठेवलं, काठावरची झुडपं हाताला लागेपर्यंत. ‘त्याला पोहणं मीच शिकवलेलं,’ बाबा म्हणाले. ‘त्यालाच नीट येत नव्हतं अजून. तरी सोडलं नाही मला.’

‘मग तुम्ही त्याला काय म्हणालात?’ आईने विचारलं.

‘काही नाही. तेव्हा बोलायची परवानगी नव्हती. आणि लगेच आम्हाला परत आणलं, तुकडी मोडली.’

मोडताना साहेबाने सगळ्यांना उभं करून सांगितलं, ही तुकडी कधी नव्हतीच. तुम्ही एकमेकांना कधी पाहिलेलं नाही. कुठे भेटलात तरी ओळख दाखवायची नाही. पुढचा हुकूम येईपर्यंत.

‘आणि पुढचा हुकूम?’ मी विचारलं.

‘आला नाही.’

‘बाबा, तुकडीच नाही राहिली तर हुकूम पाठवणार कोण?’

‘ते आपण विचारायचं नसतं.’

मी डोक्याला हात लावला. चिखले आणि गंजाड, मध्ये एक डहाणू. अर्ध्या तासाचा रस्ता. देशाचा कुठला शत्रू डहाणूच्या बाजारात कांदे निवडत बसला होता, की या दोघांनी राम राम घातला असता तर त्याने जाऊन खबर दिली असती? दोघांनी लग्नं केली, दोघांना पोरं झाली, दोघांचे दात गेले. एकदाही ‘काय रे, बरा आहेस ना?’ नाही. आठवड्यातून एकदा समोरासमोर उभं राहायचं, दुसरा जिवंत आहे हे बघायचं, आणि चाळणी घेऊन घरी यायचं! मी हे सगळं बाबांना तोंडावर बोलले, बराच वेळ बोलले. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘एक शब्द बोलायचा राहिलाय त्याला. हुकूम आला की बोलेन.’

२०१८च्या हिवाळ्यात आमच्याकडे जमीन हलायला लागली. डहाणू-तलासरीच्या डोंगराकडच्या बाजूला जास्त. दवाखान्यात खुर्चीवर पेशंट, त्याच्या तोंडात मशीन, आणि खालून धक्का! डॉक्टर, पेशंट आणि मी, तिघंही उड्या मारत रस्त्यावर. लोकांनी घराबाहेर ताडपत्र्या बांधल्या, भिंतींना भेगा गेल्या. आणि त्याच सुमाराला गंजाडचा तो माणूस बाजारात यायचा बंद झाला.

पहिल्या आठवड्याला बाबा म्हणाले, पाहुणे आले असतील.  पुढे पुढे ते बाजारातून रिकाम्या हाताने यायला लागले. तीन कंगवे आणणारा माणूस! व्हिडिओ बंद झाले. जेवताना भात चिवडत बसायचे. आई म्हणाली, गंजाडची एक भाजीवाली माझ्या ओळखीची आहे, तिला विचारते. बाबा एकदम ओरडले, ‘कुणाला काही विचारायचं नाही!’ विचारलं म्हणजे ओळख दाखवली. आता मात्र मला बाबांची कीव यायला लागली, आणि कीव आली की मी जास्तच चिडते.

शेवटी आईने हे काम हातात घेतलं. दुपारची वेळ, ती भाकऱ्या थापत होती. बाबा ओट्याशी पाणी प्यायला आले.

‘तुमचे ते साहेब कुठे असतात आता?’

‘वारले. मागेच.’

‘त्यांच्या वरचे?’

‘तेही नसतील.’

‘म्हणजे हुकूम द्यायला आता कुणी नाही.’

‘नाही.’

‘बरं. मग मी देते. उद्या सकाळी गंजाडला जायचं आणि त्या माणसाला भेटून यायचं.’

बाबा हसायला लागले. ‘तुझी रँक काय?’

‘तुम्हाला जेवायला कोण वाढतं? तीच माझी रँक.’

‘हुकूम तोंडी चालत नाही.’

‘लेखी हवाय? वळा, पाठीवर लिहिते.’ आईने हातातलं उलथनं वर केलं.  बाबांनी पेला जागेवर ठेवला आणि बुटांना पॉलिश करायला बसले.

दुसऱ्या दिवशी आमची मोहीम निघाली. पुढे मी, मागे माझ्या गुलाबी हेल्मेटात बाबा, पायाशी आईने दिलेली सुक्या बोंबलांची पिशवी. शत्रूच्या पाठीमागे जाणाऱ्या तुकडीला असं वाहन जगात दुसरीकडे कुठे मिळालं नसेल. मागून सूचना चालू, ‘गिअर बदल.’ ‘बाबा, स्कूटीला गिअर नसतो.’ ‘मग हळू जा.’ रस्ता कुठे विचारावा लागला नाही. मुख्य रस्ता सोडल्यावरही डावीकडे, उजवीकडे, पुलाच्या पुढून आत, सगळं बाबा सांगत होते.

‘तुम्हाला कसं माहीत?’

‘असंच.’

म्हणजे आधी कधीतरी इथवर येऊन, घर बघून, परत गेलेले. मी आरशातून बघितलं. ते दुसरीकडे बघत होते.

पाड्यावरच्या त्या घराच्या भिंतीला वरपासून खालपर्यंत भेग गेली होती. अंगणात निळ्या ताडपत्रीचा मांडव, त्याखाली खाट, खाटेवर तो. अर्धं अंग लुळं पडलेलं दिसत होतं. माझ्याच वयाची त्याची सून बाजूला वालाच्या शेंगा सोलत होती. आम्ही आत शिरलो तसा त्याने माझ्याकडे बघितलं आणि त्याचा चेहरा उजळला.

‘आलीस का गं पोरी! लय दिसांनी आलीस. आई बरी हाय ना?’

मी चाट. आयुष्यात पहिल्यांदा भेटतोय आम्ही. पण म्हाताऱ्या माणसाच्या मायेला काय पुरावा मागायचा? मी म्हटलं, ‘बरी आहे.’ आणि बाबांना वाट करून द्यायला बाजूला झाले.

बाबांनी हेल्मेट काढून काखेत धरलं होतं. ते खाटेसमोर उभे राहिले. ‘मी,’ एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

त्या माणसाने बाबांना बघितलं. बुटांपासून वर, चेहऱ्यापर्यंत. आणि त्याचं हसू गेलं. तोंड मिटलं.

‘ह्यांना नाय ओळखत,’ तो म्हणाला.

‘मी चिखल्याचा.’

‘नाय. नाय ओळखत.’ आणि त्याने मान फिरवून भिंतीकडे तोंड केलं.

 बाबांनी मान हलवली, जसं काही दुकानदाराने माल संपला म्हणून सांगितलं, आणि बाहेर निघून गेले. बोंबलांची पिशवी माझ्याच हातात राहिली.

माझं डोकं असं सणकलं! मनात आलं, मला विचारतोस आई बरी आहे का, आणि ज्याला तू नदीतून ओढून काढलंस, ज्याने तुझ्यासाठी घरभर चाळण्या आणि कंगवे जमवले, त्याला ओळखत नाहीस? कसला तुमचा हुकूम आणि कसली ती तुकडी! बरं झालं मोडली. मी पिशवी खाटेच्या पायाशी जवळजवळ आपटली आणि तरातरा अंगणाबाहेर आले.

सून तांब्याभर पाणी घेऊन माझ्या मागे धावत आली. ‘ताई, थांबा ना. पाणी तरी प्या. बाबा रागावून गेले का?’

‘नाही,’ मी म्हटलं. ‘होतं असं म्हाताऱ्या माणसांचं. विसरायला होतं.’

‘तेच ना ताई.’ ती तिथेच थांबली, तांब्या हातात. ‘आजारी पडल्यापून त्यांच्या डोक्याचं इपरीतच झालंय. विसरत नाय, उलटंच. कोण पण येऊ दे, ओळखतातच. मीटरवाला आला, त्याला मिठी मारून रडले, माझा भाऊ आला बोलले. कोणाची बकरी हरवली तो शोधत आला, त्याला जावई बोलले, जेवून जा बोलले. आता तुम्हाला तरी कुठं बघितलंय त्यांनी? आम्हाला सगळ्यांना हसू येतं.’ तिने पदराने तांब्याचं बूड पुसलं. ‘नाय ओळखत, असं आजपर्यंत कोणाला नाय बोलले. आज पयल्यांदा बोलले. या बाबांनाच का बोलले, काय समजत नाय.’

मी पाणी न पिता तांब्या तिच्या हातून घेतला आणि तसाच परत दिला. 

बाबा स्कूटीपाशी पाठ करून उभे होते. हेल्मेटचा पट्टा लावायचा प्रयत्न चालला होता, लागत नव्हता. मी जवळ जाऊन त्यांना सगळं सांगितलं. मीटरवाला, बकरीवाला, मी, आणि ते.

‘परत सांग,’ बाबा म्हणाले.

मी परत सांगितलं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा असा झाला की मला बघवेना. हेल्मेट काढून त्यांनी माझ्या हातात दिलं. रुमालाने तोंड पुसलं, शर्ट नीट खोचला आणि मागे फिरले. मांडवाच्या कडेला एक पालथी पाटी होती, ती त्यांनी खाटेपासून जरा लांब ओढली आणि तिच्यावर बसले. त्या माणसाने भिंतीकडचं तोंड हळूहळू इकडे वळवलं, पण बाबांकडे बघितलं नाही. समोरच्या डोंगराकडे बघायला लागला. बाबाही डोंगराकडेच बघत होते. राहिलेला तो शब्द बाबा तिथेही बोलले नाहीत. दोघांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि दोघांपैकी कुणी ते पुसत नव्हतं.

सुनेने चहा केला. दोघांनी प्यायला. ऊन कलत आलं तरी बाबा उठेनात. मी तिच्याबरोबर शेंगा सोलत बसले होते. शेवटी तिला राहवेना. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, ‘ताई, खरं सांगा. तुमचे बाबा आमच्या बाबांना कुठून ओळखतात?’

मी शेंग सोलली, दाणे टोपलीत टाकले.

‘नाही गं,’ मी म्हटलं. ‘ओळखत नाहीत.’